व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दार लोटून घेतलं की मगच हे प्रश्न येतात. बहुतेक वेळा फाइल हातात आणि नजर टेबलावर असते. मी मुंबईत युरॉलॉजीच्या ओपीडीत बसतो. खालचे प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा ऐकलेले आहेत आणि शब्दही शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. हे वाचून स्वतःचं निदान करू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, एवढं यातून कळावं अशी इच्छा आहे.

व्हेरिकोसील म्हणजे नेमकं काय?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. अंडकोष म्हणजे बाहेरची पिशवी, आणि तिच्यातल्या दोन गोट्या म्हणजे वृषण. वृषणातलं रक्त वर परत नेणाऱ्या शिरांचं एक जाळं त्याच्या वरच्या अंगाला असतं. शिरांमधल्या झडपा रक्ताला खाली उतरू देत नाहीत. त्या नीट मिटेनाशा झाल्या की रक्त मागे येतं, साचतं आणि शिरा ताणून फुगतात. पायावर निळ्या-जांभळ्या व्हेरिकोज व्हेन्स येतात ना, त्यातलाच हा प्रकार. उभं राहून हात लावला तर वृषणाच्या वर ओल्या शेवयांचा पुंजका असल्यासारखं लागतं. आडवं झालं की बहुधा तो विरून जातो.

शंभरातल्या साधारण १५ पुरुषांना व्हेरिकोसील असतं. त्यातल्या बहुतेकांना ते आयुष्यभर काही त्रास देत नाही. हा कॅन्सर नाही, गुप्तरोग नाही, आणि तरुणपणीच्या कुठल्या सवयीची शिक्षा तर अजिबात नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहितो, कारण ती भीती मनात घेऊन वर्षानुवर्षं गप्प राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

नेहमी डाव्या बाजूलाच का होतं?

दहातल्या नऊ जणांत डाव्या बाजूला होतं, आणि त्याचं कारण शरीराच्या नळजोडणीत आहे. उजव्या वृषणाची शीर पोटातल्या मोठ्या महाशिरेला तिरकी मिळते, त्यामुळे रक्त सहज पुढे जातं. डाव्या वृषणाची शीर जास्त लांब असते आणि डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते. ती मूत्रपिंडाची शीरही दोन मोठ्या धमन्यांच्या मधून वाट काढते. त्यामुळे डावीकडे दाब जास्त राहतो.

म्हणूनच फक्त उजव्या बाजूला व्हेरिकोसील असेल, चाळिशीनंतर अचानक उद्भवलं असेल किंवा झोपल्यावरही फुगवटा उतरत नसेल, तर आधी पोटाची आणि मूत्रपिंडांची तपासणी होते. आत एखादी गाठ शिरेवर दाब देत नाही ना, हे पाहावं लागतं. असं क्वचितच निघतं, पण ही तपासणी टाळायची नाही.

हे हायड्रोसील तर नाही? की हर्निया?

हायड्रोसीलमध्ये वृषणाभोवती पाणी साचतं. पिशवी गुळगुळीत फुगते आणि टॉर्च लावला तर उजेड आरपार दिसतो. हर्नियात आतडं किंवा पोटातली चरबी जांघेतून खाली उतरते आणि खोकताना फुगवटा वाढतो. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. हाताने तपासल्यावर डॉक्टरांना बहुतेक वेळा फरक कळतो.

दुखतं ते व्हेरिकोसीलमुळेच, हे कसं ओळखायचं?

ठरावीक तक्रार अशी असते : सकाळी काही नसतं, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी त्या बाजूला जड वाटतं, ओढल्यासारखं होतं आणि आडवं पडलं की बरं वाटतं. नाकाबंदीवर उभे राहणारे पोलीस, इमारतींचे वॉचमन, सलूनमधले कारागीर, विरार लोकलमध्ये रोज दाराशी लटकून येणारे, अशांना ते जास्त जाणवतं. उभं राहिल्यामुळे व्हेरिकोसील होत नाही, पण असलेलं दुखायला लागतं.

दुखणं असं नसेल तर शंका घ्यावी. लघवीची जळजळ, मुतखडा, कंबरेतली दबलेली नस, वृषणाशेजारच्या नळीची सूज, या सगळ्यांचं दुखणं तिथेच उतरतं. शस्त्रक्रियेत फुगलेल्या शिरा बांधल्यावरही दुखणं तसंच राहिलेल्या काही जणांत मूळ कारण यांपैकीच एखादं असतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. अचानक, असह्य दुखणं आणि उलटी होत असेल तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. त्यात साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी, म्हणून रात्रीचे दोन वाजले असले तरी तडक इमर्जन्सी गाठा. दुसरी गोष्ट, वृषणातच न दुखणारी कडक गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा.

सोनोग्राफीत व्हेरिकोसील आलं. आता ऑपरेशन करावंच लागणार ना?

या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. रिपोर्टमध्ये शब्द आला म्हणून शस्त्रक्रिया होत नाही. शस्त्रक्रियेला कारण लागतं.

व्हेरिकोसीलच्या पायऱ्या हाताने तपासून ठरतात. उभं राहून श्वास रोखून कुंथल्यावरच हाताला लागतं ती पहिली. न कुंथता लागतं ती दुसरी. नुसत्या डोळ्यांना दिसतं ती तिसरी. आणि हाताला काहीच न लागता फक्त डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या) सोनोग्राफीत तीन मिलिमीटरहून रुंद शीर आणि उलटा प्रवाह दिसतो, असाही एक गट आहे. या शेवटच्या गटात शस्त्रक्रियेचा फायदा सिद्ध झालेला नाही. नेमकी हीच मंडळी सोनोग्राफीचा कागद घेऊन घाबरून येतात, आणि कुठेतरी त्यांना लगेच तारीख मिळालेलीही असते.

मी चार कारणं मानतो. हाताला लागणारं व्हेरिकोसील आहे, वीर्याचा रिपोर्ट बिघडलेला आहे आणि जोडप्याला मूल हवंय, हे पहिलं. इतर कारणं तपासून झाल्यावर आणि साधे उपाय करूनही न थांबणारं दुखणं, हे दुसरं. वाढत्या वयातल्या मुलाचं त्या बाजूचं वृषण मागे पडतंय, हे तिसरं. चौथं म्हणजे आज मूल नकोय, पण व्हेरिकोसील मोठं आहे आणि रिपोर्टही बिघडलेला आहे. त्यात घाई नसते, शांतपणे बोलून ठरवता येतं. यांतलं तुमचं कारण कोणतं, ते डॉक्टरांना विचारा. उत्तर एका वाक्यात मिळत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. यात त्यांचा अपमान नाही.

लग्नाला चार वर्षं झाली. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या. माझी करायलाच हवी का?

खरं तर तुमची आधी व्हायला हवी होती. तिच्या नळ्यांचा एक्स-रे झाला, रक्त दहा वेळा काढलं, क्वचित दुर्बीणही झाली, आणि तुमची एका डबीतली तपासणी राहून गेली. हे आजही घराघरांत घडतं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा इतर कारणांसोबत असतं. पहिलंच मूल राहत नाही म्हणून तपासलेल्या शंभर पुरुषांत ३५ ते ४० जणांना व्हेरिकोसील सापडतं. व्हेरिकोसील असूनही बाप झालेले पुरुष मात्र भरपूर आहेत, तेव्हा सापडलं म्हणजे दोष तिथेच, असंही धरू नका.

वीर्य तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून आणायचा तर तासाभरात आणि अंगाच्या उबेत पोहोचायला हवा. नालासोपाऱ्याहून दादरपर्यंत हे जमेल याचा भरवसा धरू नका. एका रिपोर्टवर निर्णय नको, काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा करा. मुंबईकरांसाठी अजून एक गोष्ट : गेल्या तीन महिन्यांत मलेरिया, डेंग्यू किंवा दुसरा जोराचा ताप येऊन गेला असेल तर काउंट तात्पुरता घसरलेला असू शकतो. पावसाळा संपता संपता केलेला रिपोर्ट दिवाळीनंतर पुन्हा करून पाहावा लागतो तो यामुळेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत शुक्राणूंची खालची मर्यादा दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आणि हलणाऱ्या शुक्राणूंची ४२ टक्के दिली आहे. ही काही परीक्षेतली पासची रेघ नाही. त्याखाली असूनही काहींच्या बायकांना दिवस राहतात, आणि त्यावर असूनही काहींना वाट पाहावी लागते.

जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर ते लपवू नका. शुक्राणू शून्यावर यायला एवढं एक कारण पुरतं, आणि ते चालू असताना शिरा बांधून उपयोग होत नाही.

शिरा फुगल्या म्हणून शुक्राणू का कमी व्हावेत?

वृषण शरीराबाहेर टांगलेले आहेत ते थंडाव्यासाठी. शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. वर जाणाऱ्या शिरांचं जाळं खाली येणाऱ्या धमनीभोवतीच असतं आणि ते तिच्या रक्तातली उष्णता काढून घेतं. जाळ्यात रक्त तुंबलं की ही व्यवस्था बिघडते. शिवाय पेशींना इजा करणारे घटक वाढतात आणि शुक्राणूंमधल्या डीएनएला धक्का पोहोचतो. एकाच बाजूला व्हेरिकोसील असलं तरी उष्णता दोन्हीकडे पोहोचते, त्यामुळे एका बाजूच्या दुखण्याने दोन्हीकडचं काम मंदावतं.

औषधाने, योगासनाने, लेपाने बरं होईल का?

झडपा पुन्हा मिटतील असं औषध कोणत्याही पॅथीत नाही. घट्ट सपोर्टर, दुखण्याच्या गोळ्या, उभं राहण्यात मधेमधे खंड यांनी दुखणं कमी होतं, आणि काहींना तेवढं पुरतं. तंबाखू सोडणं, वजन कमी करणं, भट्टीजवळ काम असेल तर थोडा गारवा शोधणं, यांचा शुक्राणूंना उपयोग होतो. शिरा मात्र तशाच राहतात. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘विना ऑपरेशन शर्तिया इलाज’च्या कागदांवर पैसे घालवू नका. पैशांपेक्षा वाया जातात ती वर्षं, आणि बायकोचं वय त्या वर्षांसाठी थांबत नाही.

शस्त्रक्रियेच्या पद्धती कोणत्या? दुर्बिणीची चांगली का?

‘दुर्बीण’ या शब्दाने इथे फार गोंधळ होतो, कारण दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात.

एक म्हणजे पोटातून केलेली लॅप्रोस्कोपी. बेंबीजवळ आणि खाली लहान छिद्रं पाडून वृषणाची शीर पोटाच्या आत, वरच बांधतात. दोन्ही बाजूंचं काम एकदम होतं. मात्र पूर्ण भूल लागते, आणि खालच्या बाजूने येणाऱ्या बारीक शिरा निसटू शकतात.

दुसरी मायक्रोस्कोपखाली केलेली शस्त्रक्रिया. जांघेच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात आणि वृषणाचा दोर बाहेर काढून मोठ्या मायक्रोस्कोपखाली उलगडतात. तिथे जेमतेम मिलिमीटरभर जाडीची धमनी असते आणि तिच्या अंगाला शिरा बिलगलेल्या असतात. पाण्यासारख्या पारदर्शक लसीकावाहिन्या (ऊतींतलं जादा पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्या) तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. धमनी वाचवायची, लसीकावाहिन्या वाचवायच्या, शुक्राणूंची नळी वाचवायची आणि फुगलेली प्रत्येक शीर बांधायची, हे किचकट काम भिंगामुळे जमतं. लसीकावाहिनी चुकून बांधली गेली की पुढे हायड्रोसील होतं, धमनीला इजा झाली तर वृषण आकसू शकतं. अनुभवी हातांत मायक्रोस्कोपच्या पद्धतीत व्हेरिकोसील परत येण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन इतकं असतं आणि हायड्रोसीलचं त्याहूनही कमी. भिंगाशिवायच्या जुन्या उघड्या पद्धतींत ते परत येण्याचं प्रमाण शंभरात पंधरापर्यंत जातं. मूल हवं असलेल्या पुरुषाला मी मायक्रोस्कोपचीच शिफारस करतो.

तिसरा मार्ग एम्बोलायझेशन. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी सरकवून फुगलेली शीर आतून कॉइलने, म्हणजे धातूच्या बारीक वेटोळ्याने, बंद करतात. टाके नाहीत आणि माणूस लवकर हिंडू-फिरू लागतो. कधीकधी नळी योग्य जागी पोहोचत नाही आणि काम अर्धवट राहतं. एकदा शस्त्रक्रिया होऊन परत उद्भवलेल्या व्हेरिकोसीलसाठी हा चांगला पर्याय आहे.

लेझरच्या जाहिराती दिसतील. व्हेरिकोसीलसाठी लेझर ही प्रमाणित पद्धत नाही.

शिरा बांधून टाकल्या तर रक्त वर जाणार कुठून?

शुक्राणूंच्या नळीला स्वतःच्या शिरा असतात. त्या मुद्दाम राखतात आणि रक्त तिथून जातं. चर्चगेटकडची एक लाइन बंद झाली की गाड्या दुसरीकडून वळवतात, तसंच. बांधलेल्या शिरा काढून टाकत नाहीत, त्या हळूहळू सुकतात. म्हणून पहिले काही आठवडे हाताला गाठी लागतच राहतात. घाबरून आठव्या दिवशी सोनोग्राफी करू नका.

ही नसबंदी तर नाही ना? ताकद कमी होईल?

नाही. नसबंदीत शुक्राणूंची नळी कापतात, इथे तीच जपतात. ताठरता, इच्छा, वीर्य येणं यांत फरक पडत नाही.

भूल कोणती? किती दिवस ॲडमिट?

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची किंवा पूर्ण भूल. एका बाजूला तासभर लागतो. बहुतेक जण त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी घरी जातात. टाके बहुधा विरघळणारे असतात.

घरी गेल्यावर काय पाळायचं? कामावर कधी जाऊ?

पहिले दोन दिवस आराम, कापडात गुंडाळलेला बर्फ अधूनमधून, आणि घट्ट सपोर्टर. जखम दोन दिवस कोरडी ठेवा. पिशवीवर थोडी सूज आणि निळसरपणा येतो, तो उतरतो. ताप, वाढत जाणारी सूज, जखमेतून पू किंवा न थांबणारं रक्त असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टेबलावरचं काम असेल तर चार-पाच दिवसांनी सुरू करता येतं. खरी अडचण ऑफिसात नसते, ती रस्त्यात असते. पहिला आठवडाभर गर्दीच्या वेळची लोकल टाळा. एखाद्याचं कोपर किंवा बॅग नेमकी तिथे लागते. जमलं तर कामाची वेळ बदलून घ्या, किंवा थोडे दिवस घरून काम मागा. कारण सांगायला लाज वाटत असेल तर ‘जांघेची शस्त्रक्रिया’ एवढं सांगितलं तरी पुरे.

जड वजन, जिम, पाण्याचे हंडे, बाइकचा लांब प्रवास तीन-चार आठवडे नको. ऑगस्टच्या आसपास एक प्रश्न हमखास येतो : सरावाला कधी जाऊ? खालच्या थरात उभे राहत असाल तर या वर्षीची दहीहंडी सोडा, किंवा शस्त्रक्रियाच सणानंतर ठेवा. यात तातडी नसते. शारीरिक संबंध साधारण तीन आठवड्यांनी, दुखत नसेल तर.

मुंबईत कुठे करता येईल? खर्चाचं काय?

परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर ही महापालिकेची, तर भायखळ्याचं जे. जे. हे राज्य सरकारचं रुग्णालय. चारही ठिकाणी युरॉलॉजी विभाग आहेत आणि खर्च खासगीच्या तुलनेत फार कमी येतो. केस पेपरसाठी सकाळी लवकर जा, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि तारखेसाठी वाट पाहायची तयारी ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

खासगीत जाणार असाल तर खर्चाचा अंदाज लेखी आणि तपशिलासह घ्या : मायक्रोस्कोप, भूलतज्ज्ञ, खोली, औषधं. आणि विचारा, ‘तुम्ही स्वतः मायक्रोस्कोपखाली करता का? महिन्याला किती करता?’ चांगल्या सर्जनला हा प्रश्न खटकत नाही.

विम्याबद्दल : वंध्यत्वावरचे उपचार बऱ्याच पॉलिसींतून वगळलेले असतात, आणि काही शस्त्रक्रियांना सुरुवातीचा प्रतीक्षा काळ असतो. दाखल होण्याआधी टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, लेखी उत्तर मिळवा. डॉक्टरांना कारण बदलून लिहायला सांगू नका, पुढे क्लेम अडकतो तो तिथेच.

भरतीच्या मेडिकलमध्ये अनफिट ठरवलं. आता?

सैन्यदलांच्या वैद्यकीय निकषांत व्हेरिकोसील हे अपात्रतेचं कारण धरतात. त्यामुळे काही त्रास नसलेली धडधाकट मुलंही शस्त्रक्रियेसाठी येतात. करिअर अडत असेल तर हेही कारणच आहे. फक्त पुन्हा तपासणीची मुदत आधी पाहा, जखम भरायला वेळ हातात ठेवा आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. भरतीची तयारी सुरू करतानाच एकदा तपासून घेतलं तर ऐनवेळची धावपळ टळते.

मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याचं लगेच करू का?

बहुधा नाही. दोन्ही वृषणांचं आकारमान मोजून दर सहा महिने ते वर्षाने पाहतात. त्या बाजूचं वृषण २० टक्क्यांहून जास्त लहान राहत असेल किंवा दुखत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तपासताना त्याला थोडा एकांत द्या. आई-बाबा दोघंही समोर उभे असताना त्या वयाचं पोर खरं बोलत नाही.

आयव्हीएफ करायचंच आहे, मग हे कशाला?

बायकोचं वय तिशीच्या आत-बाहेर असेल, तिच्या तपासण्या ठीक असतील आणि हाती वर्षभर असेल, तर आधी शस्त्रक्रिया करणं शहाणपणाचं आहे. नैसर्गिकरीत्या दिवस राहू शकतात, किंवा आयव्हीएफऐवजी साध्या उपचारावर भागू शकतं. तिचं वय ३५ च्या पुढे असेल किंवा बीजांचा साठा कमी असेल, तर शस्त्रक्रियेच्या निकालाची वाट पाहण्यात तिचा वेळ जातो. तिथे मी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय तारीख देत नाही. रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य असतील तर हार्मोन आणि जनुकीय तपासणी आधी. त्यातल्या काहींना शस्त्रक्रियेनंतर थोडे शुक्राणू येतात, पण सगळ्यांना नाही.

शस्त्रक्रियेनंतर रिपोर्ट कधी करायचा? आणि सुधारला नाही तर?

एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यामुळे पहिला रिपोर्ट तीन महिन्यांनी, दुसरा सहा महिन्यांनी. शंभरातल्या ६० ते ७० जणांचा रिपोर्ट सुधारतो. दिवस राहण्याचं प्रमाण त्याहून कमी असतं, कारण तिथे दोन शरीरांचा हिशेब असतो. दुखण्यासाठी केली असेल तर दहातल्या आठ-नऊ जणांना आराम पडतो.

सहा महिन्यांनीही फरक नसेल तर आधी व्हेरिकोसील परत आलंय का ते उभं राहून तपासतात, हार्मोन बघतात, तंबाखू आणि इंजेक्शनांबद्दल पुन्हा विचारतात. सगळं ठीक असूनही आकडा हलला नसेल तर आयव्हीएफ आणि इक्सीचा (एकच शुक्राणू थेट बीजात सोडण्याचा) मार्ग मोकळा असतो. त्या भेटीला दोघंही या. तिला बाहेर बाकावर बसवून ठेवू नका.